मेंढपाळाचा दिवस

मे महिन्यातली दुपार अकरालाच सुरू होते आणि सहापर्यंत जागची हलत नाही. त्यात घरी भाचा ९ वर्षांचा, भाची ६ वर्षांची. पत्ते झाले, कॅरम झाला (राणी सोफ्याखाली गेली ती गेलीच), आणि बाराच्या ठोक्याला पहिलं "मावशी, कंटाळा आला."

मोबाइल द्यायचा नाही हे त्यांच्या आईला कबूल करून बसले होते. मग स्पीकरवर बालगीतं लावली. 'नाच रे मोरा' सुरू होताच दोघं रंगपेटी टाकून सोफ्यावर चढली आणि पाच मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. गाण्याचा काय दोष? पु. लं.नी १९५३ च्या 'देवबाप्पा' चित्रपटासाठी ती चाल बांधली, ती काही गप्प बसून ऐकायला नव्हे. शब्द असलेलं गाणं मागे राहतच नाही, पुढे येऊन हात धरतं.

दुसऱ्या दिवशी बिनशब्दांचं शोधताना 'कॉल ऑफ द व्हॅली' लावलं. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. १९६७ ची रेकॉर्ड. लावता लावता सहज बोलून गेले, की यात काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस आहे.

"मेंढ्या कुठायत?" भाचीने विचारलं.

कापूस होता, आगपेटीच्या काड्या होत्या. पहिला राग अहिरभैरव, तो संपेपर्यंत चार मेंढ्या उभ्या राहिल्या, एक तीन पायांची. पिलू राग लागला तेव्हा कळप सतरंजीच्या डोंगरावर चढला होता. मी आतून भांडी घासत कान देऊन होते: भांडण नाही, हाक नाही. ऐकत कुणीच नव्हतं म्हणा. पण मध्येच फोन आला आणि संगीत थांबलं, तर दोघांनी एकदम माना वर केल्या. संगीत खुर्चीत करतात तशा.

पहाडी आला. "रात्र झाली," भाच्याने जाहीर केलं. मेंढ्या मोजून खुर्चीखाली कोंडल्या. तेरा भरल्या.

एवढा अख्खा दिवस साधारण ४० मिनिटांत उरकतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"मावशी, परत सकाळ लाव!"

लावली. नंतर आणखी एकदा लावली. तीन दिवस उजाडले आणि मावळले, तरी घड्याळात चहाची वेळ काही होईना.