सिराउकीच्या चढावर

त्या दिवशीही पहाटे साडेचारला वन्संचा हरिपाठ सुरू झाला. अल्बेर्गेच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेच्या खोलीत वीसेक माणसं गाढ झोपलेली. मी म्हटलं, "वन्सं, बाहेर बसून म्हणा ना." "मनातच म्हणतेय गं," म्हणाल्या. मनात कसलं, पलीकडच्या बंकवरचा माणूस कूस बदलून उशी कानावर घेत होता. मला फार चीड आली. खरं तर टाच ठणकत होती, आणि राग सगळा त्यांच्यावर निघत होता.

वन्संच्या चौदा आषाढी वाऱ्या झाल्यात, माझ्या दोन. भाचा माद्रिदला नोकरीला, त्यानंच ही स्पेनमधली कामिनोची यात्रेची वाट सुचवली. सेंट जेम्सच्या समाधीपर्यंत, सांतियागोपर्यंत, पूर्ण चालायचं तर जवळजवळ 780 किलोमीटर. आम्ही फक्त रोन्सेस्वायेस ते लोग्रोन्यो ठरवलं होतं. पाम्पलोना झालं, पेर्दोनचा घाट झाला, पुएन्ते ला रेइनाचा तो अकराव्या शतकातला पूलही झाला. मला आठवतो तो फक्त पुलाअलीकडचा औषधाचा दुकानदार. त्यानं फोड बघून मान हलवली आणि पट्टी दिली. दुकान उघडायची वाट बघण्यात सकाळचा गारवा गेला, ऊन चढल्यावर आम्ही निघालो.

मान्येरू गावाचं कब्रस्तान मागं पडलं आणि समोर टेकडीवर सिराउकी दिसलं. घरांवर घरं चढलेली, माथ्यावर चर्च. आणि वाटेच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा. तिथं मी पाय विसरले. आमची तासगावकडची बाग मांडवावर, घड डोक्यावर लोंबतात. इथं तारेवर बांधलेल्या कमरेएवढ्या वेली, घड गुडघ्याशी, माती पांढरट नि दगडगोट्यांची. सप्टेंबर, माल तोडणीला आलेला. आमच्याकडं या दिवसांत फळासाठीच्या गोडी छाटणीची तयारी असते. मी वाकून एक घड हातावर तोलला. बारके काळे मणी, जाड सालीचे, वर पांढरी लव. "लोकांच्या मालाला हात लावू नकोस," वन्सं ओरडल्या. मला हे सांगायची गरज होती का? तीस वर्षं बाग केली मी. काही न बोलता पुढं निघाले.

गावाच्या चढावर फोड फुटला. मोजा ओला झाला, पाऊल टेकवेना. दुपारचे दोन वाजलेले, सगळ्या खिडक्यांच्या फळ्या लावलेल्या, गल्लीत चिटपाखरू नाही. एका दाराशी दगडी बाक होता, त्यावर बसले आणि मला रडू फुटलं. वन्सं पाठीवर हात फिरवत राहिल्या.

दार उघडलं. ऐंशीच्या घरातली बाई, फुलाफुलांचा एप्रन. तिनं माझ्या पायाकडं पाहिलं, आत गेली आणि प्लास्टिकचं टोपलं घेऊन आली. कोमट पाणी, त्यात मूठभर मीठ, वर व्हिनेगर. मग ती माझ्यासमोर जमिनीवर बसली, गुडघ्याला हात लावून, हळूहळू, आमच्या आत्याबाई बसायच्या तशी. माझा पाय तिनं दोन्ही हातांत धरला.

मी पाय मागं ओढला. आईच्या वयाची बाई माझ्या पायाला हात लावणार? आमच्या दारावरून पंढरपूरला दिंड्या जातात. दरवर्षी मी वारकऱ्यांचे पाय धुतलेत, तेल लावून चोळलेत, काकड्या झालेल्या म्हाताऱ्या पायांच्या भेगांत तूप भरलंय. पण स्वतःच्या दोन्ही वाऱ्यांत मी कुणाला पाय धरू दिला नव्हता. "राहू द्या माउली," म्हणून उठायचे.

"बस खाली," वन्सं म्हणाल्या. "धुऊ दे तिला. सेवा करणाऱ्याचा हात झटकू नये."

बसले. मीठ झोंबलं तसा डोळ्यांसमोर काळोख आला. बाई काहीबाही बोलत होती, त्यातलं 'पोब्रे', म्हणजे बिचारी, एवढंच कळलं. तिनं पाय एप्रनला पुसला, बोटांच्या बेचक्यासुद्धा. ती उठली तशी मी वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिला वाटलं माझं काही पडलं, म्हणून तीही वाकून बाकाखाली शोधायला लागली. वन्संनी हात जोडून दाखवले तेव्हा तिला उमगलं. तिनं माझा चेहरा ओंजळीत धरला.

नगरपालिकेच्या कमानीखाली यात्रेच्या पुस्तिकेवर शिक्के मारले. पलीकडं रोमन काळातला रस्ता खाली उतरतो, मोठमोठे निसटते दगड, कडेला ऑलिव्हची झाडं. वाऱ्यानं पानं उलटली की सगळा उतार चांदीसारखा होई. वन्सं नेहमीसारख्या पुढं निघून गेल्या, हाका मारून मारून माझा घसा सुकला. सालादो नदी ओलांडली. बाराव्या शतकातल्या यात्रेकरूंच्या पोथीत लिहिलंय, हिचं पाणी पाजू नका, घोडे मरतात.

रात्री मुक्कामाला, एस्तेया गावी, अंघोळ केली. डाव्या पायाला साबण लावला नाही.