आमची वाटचाल : मुदतीच्या मालाचा व्यापार

ट्रेडिंग कार्ड गेममधून जुनी कार्डे बाद करावीत की नाही, हा वाद खेळाडूंच्या दृष्टीने आवडीनिवडीचा असतो. सुट्या कार्डांचा व्यापार करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या दृष्टीने तो थेट गल्ल्याचा असतो. आमची लहानशी फर्म सीलबंद बूस्टर बॉक्सवर (कार्डांच्या पाकिटांच्या खोक्यांवर) नव्हे, तर सिंगल्सवर, म्हणजे सुट्या कार्डांवर उभी राहिली, आणि ‘मॅजिक’ या खेळाच्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे फक्त अलीकडच्या सेटची (एकत्र निघालेल्या कार्डमालिकांची) कार्डे चालणाऱ्या प्रकारात, खेळता येणारे सिंगल म्हणजे मुदतीचा माल. तरीही रोटेशन, म्हणजे ठरावीक मुदतीनंतर जुने सेट बाद करणे, असलेच पाहिजे, हे आमचे पहिल्यापासूनचे मत आहे. ज्या वर्षी आम्ही जवळजवळ बुडालो, त्या वर्षीही ते बदलले नाही.

माझ्या भागीदाराने आणि मी सुरुवात केली ती इतरांनी नकोशी म्हणून काढून टाकलेली कॉमन-अनकॉमनची, म्हणजे सहज मिळणाऱ्या कार्डांची खोकी वजनावर घेऊन. ती सेटनुसार, मग रंगानुसार, मग आद्याक्षरानुसार लावायची, कामाची कार्डे प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये घालायची, त्यांतली भारी टॉपलोडर या कडक पाकिटात. भागीदाराचा हात या कामात असा बसला होता की कडेवरची पांढुरकी झीज त्याच्या बोटांना डोळ्यांआधी कळायची आणि ‘नियर मिंट’ (जवळजवळ नवे) म्हणून आलेले कार्ड तो न बोलता एक पायरी खाली ठेवायचा. आमचे दहापट मोठे करणारे भिंग अजून वापरात आहे. ‘मॅजिक’च्या कार्डाच्या पाठीवर पाच रंगीत गोल असतात, त्यांतल्या हिरव्या गोलावर भिंग धरले की अस्सल कार्डात चार लाल ठिपके इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकारात बसलेले दिसतात. हे ठिपके पाहिल्याशिवाय आम्ही कोणतेही महागडे कार्ड कधी घेतले नाही आणि विकलेही नाही. या व्यापारात नवीन येणाऱ्याने सॉफ्टवेअरच्या आधी एक चांगले भिंग घ्यावे.

रोटेशन हा कंपन्यांचा विक्री वाढवण्याचा डाव आहे, असे सर्रास म्हटले जाते. विक्री वाढते, हे खरेच आहे. पण मूळ कारण तेवढेच नाही. ‘मॅजिक’ १९९३ मध्ये आला तेव्हा अल्फा या पहिल्या छपाईत प्रत्येक रेअर (दुर्मिळ) कार्डाच्या जेमतेम अकराशे प्रती निघाल्या होत्या. दीड वर्षाच्या आत खेळ इतका पसरला की नव्या खेळाडूला ब्लॅक लोटससारखी जुनी कार्डे मिळणे अशक्य झाले. जानेवारी १९९५ मध्ये ‘टाइप टू’, म्हणजे आजचे स्टँडर्ड, वेगळे काढले गेले ते याच अडचणीतून. जुनी कार्डे कोणी हिसकावून घेतली नाहीत; त्यांच्यासाठी जुने टेबल राहिले आणि नव्यांसाठी दुसरे मांडले गेले. दुसरे कारण रचनाकारांच्या कामाचे आहे. प्रत्येक नवे कार्ड आधीच्या सर्व कार्डांसोबत कसे वागेल, हे त्यांना तपासावे लागते, आणि खेळात चालणाऱ्या कार्डांचा साठा कधीच कमी होणार नसेल तर ही तपासणी दर सेटला अवघड होत जाते. मर्यादित साठ्यातही चूक व्हायची ती होतेच. स्कलक्लॅम्प हे अति वरचढ ठरलेले कार्ड २००४ मध्ये स्टँडर्डमधून बॅन करावे लागले, म्हणजे त्यावर बंदी घालावी लागली, ते रोटेशन असताना. रोटेशनच नसते तर काय झाले असते, याचा विचार टीकाकारांनी करावा.

व्यापार सुरू केल्यानंतरची कित्येक वर्षे बरी गेली. शरद ऋतूत रोटेशन व्हायचे, आम्ही वसंतापासून बाद होणाऱ्या सेटचा माल हलका करू लागायचो, आणि त्या प्रत्येक कार्डावर ‘या वर्षी स्टँडर्डमधून जाणार’ अशी चिठ्ठी लावायचो. चिठ्ठीमुळे विक्री घटते, असे आम्हाला अनेकांनी ऐकवले. घटतेच; पण डेक (खेळायचा कार्डगठ्ठा) बांधून महिन्याभरात कार्डे बाद झाल्याने टेबलावरून उठवला गेलेला मुलगा पुन्हा कोणाकडेच खरेदीला येत नाही, हे सांगणाऱ्यांच्या ध्यानात कधी आले नाही.

२०२३ च्या वसंतात आम्ही नेहमीप्रमाणे ‘इनिस्ट्राड’चे दोन्ही सेट, ‘कामिगावा : निऑन डायनेस्टी’ आणि ‘न्यू कपेना’ यांचा साठा काढायला घेतला. तेव्हाच्या जाहीर नियमाप्रमाणे हे चारही सेट शरदात जाणार होते. आमच्याहून कितीतरी मोठ्या एका व्यापाऱ्याने सगळा साठा एकगठ्ठा मागितला. थोडी रक्कम आगाऊ, उरलेली माल तपासून झाल्यावर, असे ठरले. माल गेला, आणि मे महिन्यात जाहीर झाले की स्टँडर्डची मुदत दोनऐवजी तीन वर्षे होणार आणि त्या शरदात रोटेशन होणारच नाही. आम्ही मोडीच्या भावात दिलेली कार्डे एका रात्रीत आणखी वर्षभराची झाली. आमचीच कार्डे, भागीदाराने लावलेल्या क्रमाने, त्या व्यापाऱ्याच्या यादीत वाढीव भावाने दिसू लागली.

व्यापारात नशीब फिरते, तेवढ्यावर आमची तक्रार नसती. पण मेच्या अखेरीस फेबल ऑफ द मिरर-ब्रेकर, इन्व्होक डिस्पेअर आणि रेकनर बँकबस्टर ही तीन कार्डे, तिन्ही ‘निऑन डायनेस्टी’ची, स्टँडर्डमधून बॅन झाली. मुदत वाढवल्यावर वरचढ कार्डे आणखी वर्षभर टेबल अडवून बसतील, म्हणून त्यांना काढणे भाग होते. या निर्णयाला आमची हरकत नव्हती. त्या व्यापाऱ्याने मात्र याच तीन कार्डांकडे बोट दाखवून ‘माल उतरला’ म्हणत आमची उरलेली रक्कम अडवली. बाकीच्या कार्डांवर त्याने जे कमावले त्याचा उल्लेखही नाही. ती रक्कम आजतागायत आलेली नाही. नव्या सेटची आगाऊ मागणी नोंदवायला आमच्याकडे पैसा उरला नाही, पुरवठादाराने आमचा वाटा कमी केला, आणि भागीदाराला दुसरीकडे नोकरी धरावी लागली.

त्या वर्षी फर्म टिकली ती आमच्या जुन्या गिऱ्हाईक असलेल्या एका शिक्षिकाबाईंमुळे. त्या केवळ ‘मॅजिक’चा कमांडर हा प्रकार खेळतात. शंभर कार्डांचा डेक, मूळ लँड (इतर कार्डे खेळायला शक्ती पुरवणारी कार्डे) सोडल्यास प्रत्येक कार्ड एकच, आणि रोटेशनचा प्रश्नच नाही. स्टँडर्डमधून बाद झालेली, कोणी हात न लावणारी कार्डे त्या वर्षानुवर्षे आमच्याकडून घेत आल्या होत्या. परिस्थिती कळल्यावर त्यांनी पुढच्या डेकसाठी लागणाऱ्या कार्डांची लांबलचक यादी आणली, तिचे सगळे पैसे आधीच दिले आणि म्हणाल्या, “दादा, सावकाश शोधा. मला घाई नाही, खेळ माझा कुठे बाद होतोय!” त्यांच्या ओळखीतले इतर खेळाडूही तसेच आले. बाद झालेल्या कार्डांचे वेगळे कपाट आम्ही केले ते तेव्हापासून, आणि आज तेच आमचे मुख्य दालन आहे.

रोटेशन नको म्हणणारे ‘यू-गी-ओ’ या दुसऱ्या कार्ड गेमचे उदाहरण देतात. तिथे अधिकृत रोटेशन नाही. बंदी असलेल्या, एकच किंवा दोनच प्रती चालणाऱ्या कार्डांची यादी तेवढी असते. पण पंधरा वर्षांपूर्वीचा डेक घेऊन आजच्या स्पर्धेत कोणी बसून पाहावे. नियमाने चालतो, आणि दोन-तीन चालींत संपतो. म्हणजे निवृत्ती तिथेही होतेच, तिची तारीख मात्र कोणी सांगत नाही, आणि व्यापाऱ्याला ती कळते माल पडून राहिल्यावर. याउलट ‘पोकेमॉन’ची पद्धत आम्हाला सर्वांत स्वच्छ वाटते. कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक अक्षर छापलेले असते, आणि कोणते अक्षर कधी जाणार हे आधी जाहीर होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये ‘एफ’ गेले. जुने कार्ड नव्या अक्षरासह पुन्हा छापले गेले तर त्याची जुनी प्रतही चालते. लहान मुलालाही कोपरा पाहून कळते की हे कार्ड चालेल की नाही. मुलांसाठी कार्डे घेणाऱ्या पालकांनी चित्र पाहण्याआधी तो कोपरा पाहावा, आणि विक्रेत्याला रोटेशनची तारीख विचारावी. जो सांगायला का-कू करेल त्याच्याकडून सिंगल घेऊ नये. व्यापारीबंधूंनीही एवढे करावे की बाद होणाऱ्या सेटचा माल एकगठ्ठा देताना पूर्ण रक्कम हातात आल्याखेरीज खोके हलवू नये, समोरचा कितीही मोठा असो.

‘मॅजिक’ची तीन वर्षांची मुदत ठरली तेव्हा स्टँडर्डमध्ये वर्षाला साधारण चार सेट येत होते. २०२५ मध्ये सहा आले. या वेगाने तीन वर्षांचा साठा नव्या खेळाडूच्या आवाक्याबाहेर जातो, बॅनची गरज वाढते, आणि बॅन हीसुद्धा निवृत्तीच आहे, फक्त पूर्वसूचनेशिवायची. मुदत पुन्हा दोन वर्षांवर आणावी, आणि तारीख एकदा जाहीर झाली की त्या वर्षापुरती ती बदलू नये, असे आमचे म्हणणे आहे. आमच्या साठ्याच्या वहीत प्रत्येक सेटपुढे मुदतीचा रकाना आहे आणि तो आम्ही आजही शाईनेच भरतो.