लॉग म्हणत होता सेव्ह झालंय

आम्ही लाइटनिंगसाठी, म्हणजे बिटकॉइनच्या झटपट पेमेंटच्या जाळ्यासाठी, एक लायब्ररी लिहितो, इतरांनी आपल्या अ‍ॅपमध्ये वापरायचा तयार कोड. सकाळी लॅपटॉप उघडला तर ती वापरणाऱ्या एका अ‍ॅपवाल्याचा इश्यू, म्हणजे तक्रार, येऊन पडलेला, "चॅनेल आपोआप बंद झालं आणि बॅलन्स शून्य". मला वाटलं नेहमीचं असेल, फी कमी पडली असेल, कन्फर्म झालं की येतील पैसे. ब्लॉकचेनचे, म्हणजे बिटकॉइनच्या सार्वजनिक वहीतले, व्यवहार दाखवणाऱ्या एक्सप्लोररवर ट्रान्झॅक्शन उघडलं आणि पोटात गोळा आला. पेनल्टी होती ती. समोरच्या नोडने, म्हणजे चॅनेलच्या दुसऱ्या टोकाच्या कॉम्प्युटरने, अख्खं चॅनेल साफ केलेलं, दोन लाख सातोशी. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी होतात, तेव्हा रक्कम तशी मोठी नाही, पण आमच्या लायब्ररीवर चालणाऱ्या अ‍ॅपमधून कुणाचे तरी खरे पैसे जायची ही पहिलीच वेळ.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. चॅनेल म्हणजे दोघांच्या सह्यांशिवाय हलणार नाहीत असे पैसे ब्लॉकचेनवर एकदा लॉक करायचे, आणि मग प्रत्येक पेमेंटला नवी वाटणी सही करून नुसती जवळ ठेवायची, ब्लॉकचेनवर टाकायचीच नाही. जुनी वाटणी टाकून कुणी फसवू नये म्हणून नवी झाली की जुनीचं गुपित समोरच्याला देऊन टाकायचं. पून आणि ड्रायजा यांच्या 2016 च्या लाइटनिंगच्या पेपरमध्ये हेच आहे. मग जुनी वाटणी टाकलीत तर तुमचा हिस्सा ठरलेले ब्लॉक (त्या वहीची नवी पानं) येईपर्यंत अडकून राहतो, समजा 144, म्हणजे साधारण एक दिवस, आणि तेवढ्यात समोरचा त्या गुपितावर सगळं उचलून नेतो, हीच ती पेनल्टी. तुम्ही चोर आहात की तुमचा डेटा उडालाय हे त्या ट्रान्झॅक्शनला कळत नाही.

आता आमची लायब्ररी. ती काहीच लादत नाही. नेटवर्क तुमचं, स्टोरेज तुमचं, ब्लॉक कुठून आणायचे तेही तुम्हीच ठरवा, म्हणजे मोबाईलमध्येही चालते आणि सर्व्हरवरही. याचा आम्हाला केवढा अभिमान! चॅनेल बदललं की आम्ही नवी स्टेट, म्हणजे चॅनेलची ताजी स्थिती, तुमच्या फंक्शनला देतो, ते सेव्ह करून "झालं" म्हणतं, आणि त्या "झालं"वर विश्वास ठेवून आम्ही जुनं गुपित पाठवून देतो.

तक्रार करणाऱ्याच्या लॉगमध्ये 87 नंबरच्या अपडेटपर्यंत सगळं "सेव्ह झालं" होतं. मग फोनची बॅटरी संपली. दोन दिवसांनी फोन चालू केला तेव्हा लोड झालं 84! त्या 84 मध्ये एक पेमेंट अधांतरी होतं, जे खरं तर 86 मध्येच पूर्ण झालेलं, पण अ‍ॅपला बिचाऱ्याला काय माहीत, त्याने दोन दिवसांचे ब्लॉक वाचले, पेमेंटची मुदत उलटलेली दिसली आणि नियमाप्रमाणे चॅनेल बंद करायला 84 ची वाटणी ब्लॉकचेनवर टाकली. समोरच्या नोडशी आधी कनेक्शन झालं असतं तर दोघांचे नंबर जुळत नाहीत हे तिथेच कळलं असतं. पण ब्लॉक आधी आले.

त्याच्याकडे सेव्ह करायचं फंक्शन मागितलं. त्याने पाठवलेल्या चौदा ओळी वाचताना व्हेरिएबलची नावं ओळखीची वाटायला लागली, कारण त्या माझ्याच होत्या. आमच्या उदाहरणांच्या फोल्डरमधून जशाच्या तशा उचललेल्या. तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, रिनेम करा, "झालं" म्हणा. एफसिंक, म्हणजे डेटा खरोखर डिस्कवर उतरवायला लावणारी आज्ञा, कुठेच नाही, म्हणजे डेटा अजून मेमरीत आणि आम्ही मोकळे. वर कमेंट होती "फक्त उदाहरणासाठी". ती कोण वाचतंय, मी तरी कुठे वाचतो.

त्याला लिहिलं, "चूक तुमची नाही, हा कोड माझा आहे." तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंत, मी तीन दिवस माझंच डोकं खातोय."

टीममधला एकजण म्हणाला, अरे स्टोरेज त्यांचं आहे ना, त्यांनी बघावं. मला नाही पटलं. कुठलाही नवखा आधी उदाहरणच कॉपी करतो, मग ते चुकीचं ठेवून लवचीकपणाच्या गप्पा मारायच्या म्हणजे कहरच. उदाहरणात फाइलला एफसिंक, मग रिनेम, मग फोल्डरलाही एफसिंक असं केलं. फंक्शनला "झालं"च्या जोडीला "चालू आहे" असंही उत्तर देता येईल असं केलं, आणि ते आलं की खरं "झालं" येईपर्यंत चॅनेल थांबून राहणार, गुपित जाणारच नाही.

सगळ्यात लाज वाटली ती टेस्टची. आम्ही क्रॅशची टेस्ट प्रोसेस मारून करायचो, किल मायनस नाइन, आणि ती कायम पास, कारण प्रोसेस मेली तरी ऑपरेटिंग सिस्टिमकडचा डेटा नंतर डिस्कवर जातोच. वीज गेली तर जात नाही. म्हणून व्हर्च्युअल मशीन अचानक बंद करणारी स्क्रिप्ट लिहिली. जुन्या कोडवर सहाव्या फेरीतच शिळी स्टेट लोड झाली. नवा कोड रात्री लूपमध्ये लावून झोपलो, सकाळी 312 फेऱ्या झालेल्या, एकही शिळी नाही, तरी पुल रिक्वेस्ट मुख्य कोडमध्ये मर्ज न करता अजून एक रात्र चालू ठेवली.