एक वाजताचा ठिपका

बुधवारी दुपारी सव्वातीनला लाइनवरून फोन आला, “मॅडम, ठिपका खाली गेलाय.” मी पोचले तेव्हा मशीनशेजारी लटकवलेल्या एक्स-बार आर चार्टवर, म्हणजे दर तासाच्या मापांची सरासरी आणि फरक दाखवणाऱ्या आलेखावर, तीन वाजताचा ठिपका खालच्या कंट्रोल लिमिटच्या, म्हणजे नेहमीच्या चढउताराच्या रेघेच्या, बाहेर होता. मला मात्र खटकला तो दोन घरं अलीकडचा, एक वाजताचा. तो वरच्या लिमिटच्या बाहेर होता आणि शेऱ्याच्या रकान्यात त्याच्यासमोर लिहिलं होतं, ‘टूल बदलला’.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी क्वालिटी बघते. हा जॉब साधा आहे. स्टीलची पिन, बाहेरचा व्यास २५ मिलिमीटर, टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, अधिक-उणे १५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दर तासाला लागोपाठचे पाच जॉब, म्हणजे पाच पिना, घ्यायचे आणि कम्पॅरेटर या मापकावर मास्टरशी, म्हणजे नेमक्या मापाच्या नमुन्याशी, ताडून बघायचे. पाचांची सरासरी वरच्या आलेखात टाकायची. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान यांच्यातला फरक, म्हणजे रेंज, खालच्या आलेखात. आमची सरासरी रेंज आहे ७ मायक्रॉन. तिला पाचच्या सॅम्पलसाठीच्या ०.५७७ या गुणकानं गुणलं की साधारण ४ मायक्रॉन. मधली रेघ +१ वर आहे, म्हणजे २५ मिलिमीटरपेक्षा एक मायक्रॉन वर, म्हणून लिमिट +५ आणि −३.

एक वाजताची पाच मापं होती +५, +९, +६, +८, +७. सरासरी +७. तीन वाजताची −४, −७, −३, −६, −५. सरासरी −५.

सुपरवायझर म्हणाले, “दहाच्या दहा जॉब ओके आहेत मॅडम. १५ पर्यंत चालतंय. कशाला मशीन थांबवताय?” त्यांचा राग मला समजतो, संध्याकाळी गाडी भरायची होती. पण टॉलरन्स गिऱ्हाईकानं ठरवलेला असतो आणि कंट्रोल लिमिट त्या मशीनच्या स्वतःच्या रोजच्या वागण्यातून निघते. घरातला माणूस रोज सातला येतो आणि एक दिवस नऊला येतो. दार दहाला बंद होतं म्हणून आपण ‘वेळेत आला’ म्हणून गप्प बसत नाही, काय झालं ते विचारतो. तेवढंच मला विचारायचं होतं.

अशा वेळी मी पहिल्यांदा रेंजचा आलेख बघते. रेंज उसळली असेल तर पाच जॉब एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणजे जॉब धरणारा चक ढिला आहे का, त्याच्या जबड्यात (जॉमध्ये) बरी, म्हणजे धातूचा कंगोरा, अडकली आहे का, दोन लॉटचं मटेरियल मिसळलं का, तिकडे बघायचं. इथे दोन्ही सॅम्पलची रेंज ४, अगदी शांत. पाचही जॉब हातात हात घालून वर गेले होते आणि हातात हात घालून खाली आले होते. सगळ्यांना एकदम उचलणारं काहीतरी होतं. ऑफसेट (मशीनमध्ये टूलच्या जागेची भरलेली दुरुस्ती), मास्टर, टूल, नाहीतर तापमान.

टूलचा शेरा तिथेच गळाला. इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं पातं, झिजत जातो तसा व्यास हळूहळू वाढतो, आलेख जिना चढल्यासारखा दिसतो. इथे सरळ उडी होती. शिवाय टूलच्या वहीत इन्सर्ट बदलल्याची वेळ सकाळी दहाची होती, आणि अकरा-बाराचे ठिपके मधल्या रेघेला चिकटून बसले होते. मास्टर पुसून पुन्हा लावला, शून्य जागेवर होतं.

मग मशीन चालवणाऱ्या अण्णांकडे गेले. बावीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. मी काही बोलायच्या आत म्हणाले, “मी काय केलं न्हाई मॅडम.”

हे वाक्य ऐकलं की मला फार वाईट वाटतं. माझ्या पहिल्या नोकरीत, दुसऱ्या एका ठिकाणी, ठिपका बाहेर गेला की ‘कोणी केलं?’ असा प्रश्न यायचा. त्याचा परिणाम मी स्वतः पाहिला आहे. ऑडिटच्या आधी चार्ट नव्यानं लिहिले जायचे आणि बाहेरचे सगळे ठिपके आत यायचे. त्या कागदांवरून मशीनबद्दल काहीच कळत नव्हतं, माणसं किती घाबरली आहेत एवढंच कळत होतं. म्हणून मी प्रश्न बदलला आहे. “अण्णा, बारा वाजता नव्हतं आणि एक वाजता होतं, असं काय?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “माप वर आलं म्हणून मी सहाचा ऑफसेट मारला. दोन वाजता बघा, बरोबर मधे आला.” खरंच, दोनचा ठिपका +१ वर, जसा काही छापलेला. आणि तीनला −५. हे मात्र कोड्यात पाडणारं होतं. सहा मायक्रॉनची दुरुस्ती दोन वाजता बरोबर ठरली आणि तीन वाजता सहाच मायक्रॉननी चुकली. म्हणजे दोन आणि तीनच्या मध्ये, कुणी हात न लावता, काहीतरी पूर्ववत झालं होतं.

“आणि धुवायची टाकी?” मी विचारलं, कारण तिच्याभोवतीची फरशी ओली दिसत होती.

“ती बुधवारची रिकामी करतोय की आपण. जेवणाच्या आधी काढली, अडीचला भरली.”

तिथं मला उलगडा झाला. एरवी जॉब मशीनमधून निघतो, टाकीत बुडतो, धुऊन खोलीच्या तापमानाला येतो आणि मग मोजला जातो. बुधवारी एक आणि दोन वाजता जॉब फडक्यानं पुसून थेट कम्पॅरेटरवर गेले होते. स्टील एका मीटरला, एका अंशाला साधारण ११.५ मायक्रॉन फुगतं. २५ मिलिमीटरच्या पिनेत २० अंशांचा फरक असेल तर पावणेसहा मायक्रॉन. मास्टर थंड, जॉब गरम. जगभर लांबीची मापं २० अंश सेल्सिअसला धरतात ती उगाच नाही.

हिशेब कागदावर जुळला तरी मी तेवढ्यावर सोडत नाही, कारण जुळणारी कारणं सुचायला वेळ लागत नाही. अण्णांनाच पाच जॉब काढायला सांगितले, हाताला ऊब लागत असतानाच मोजले, टेबलावर ठेवले आणि अर्ध्या तासानं तेच पाच पुन्हा मोजले. सरासरी जवळपास सहा मायक्रॉननी खाली. अण्णा डायलकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे जॉब बरोबर हुता. मीच बिघडवला.”

मी त्यांना सांगितलं आणि इथेही लिहिते, त्यांची चूक नव्हती. आमच्या सूचनेत ‘दर तासाला लागोपाठ पाच’ एवढंच होतं. किती वेळानं मोजायचं हे कुणी लिहिलंच नव्हतं, आणि ती सूचना माझ्या सहीची आहे. ऑफसेट सहानं परत घेतला. एकपासूनचा सगळा माल बाजूला ठेवून थंड करून मोजला, सगळा टॉलरन्समध्ये निघाला. गाडी तासभर उशिरा गेली.

संध्याकाळी जुने चार्ट काढून बसले. आधीच्या तीन बुधवारांपैकी दोन बुधवारी एक वाजताचा ठिपका +४ च्या आसपास होता. लिमिटच्या आत, म्हणून कुणी बघितलं नव्हतं.

वॉल्टर शूहार्ट यांनी १६ मे १९२४ रोजी अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत वरिष्ठांना दिलेल्या छोट्याशा टिपणात असा आलेख पहिल्यांदा काढला. १९४७-४८ च्या हिवाळ्यात ते भारतात आले, संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या बोलावण्यावरून, आणि इथले कारखाने फिरले. त्यांची तीन सिग्माची रेघ, म्हणजे मधल्या रेघेपासून नेहमीच्या चढउताराच्या मापाच्या (सिग्माच्या) तिप्पट अंतरावरची लिमिट, मला आवडते कारण ती दोन्ही बाजूंच्या चुकांची किंमत जाणते: उगाच शोधत बसणं आणि खरा बिघाड सुटणं. काहीही बिघडलेलं नसताना ठिपका बाहेर जाण्याची शक्यता साधारण ३७० त एक. दोन पाळ्यांत आम्ही दिवसाला १६ ठिपके टाकतो, म्हणजे २३ दिवसांत एखादा ठिपका नुसता योगायोगानं बाहेर जाऊ शकतो. त्यामुळे सगळं शोधूनही कधी काही सापडत नाही. तेव्हा ‘शोधलं, सापडलं नाही’ असं लिहावं आणि तो ठिपका हिशेबात तसाच ठेवावा. लिमिट नव्यानं काढताना गैरसोयीचे ठिपके वगळायचा मोह होतो. मी कारण कळलेला आणि ते दूर केलेला ठिपकाच वगळते. एक, दोन आणि तीन वाजताचे तिन्ही वगळले. दोनचा ठिपका वगळायचा का यावर सुपरवायझर वाद घालत होते, तो तर मधोमध आहे म्हणून. पण चुकीचा ऑफसेट आणि चुकीचं माप एकमेकांना झाकत होते म्हणून तो मधे होता. तिघांत खोटा तोच जास्त.

सूचनेत आता एक ओळ वाढली आहे: धुतल्यावर, किंवा टाकी बंद असेल तर अर्धा तास टेबलावर ठेवल्यावर मोजावे. टाकी साफ करायची वेळ जेवणाच्या सुट्टीतून काढून पाळी संपतानाची केली.

गुरुवारी सकाळी गेले तेव्हा त्या चार्टवर ‘टूल बदलला’ एका रेघेनं खोडलेलं होतं, खालचं वाचता येईल असं. बाजूला अण्णांच्या मोठ्या, उभ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘टाकी रिकामी. जॉब गरम. ऑफसेट मी मारला.’ खाली सही आणि वेळ.