प्रायोजक नसलेलं व्याख्यान

इंग्लंडमधल्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या सोसायट्यांचं प्रस्थ भलतंच मोठं. नाटकवाल्यांची, गिर्यारोहकांची, तशी कायदा शिकणाऱ्यांची लॉ सोसायटी. (सॉलिसिटर, म्हणजे अशिलाला सल्ला देणारे नि त्याचं काम बघणारे वकील, त्यांच्या देशपातळीवरच्या संस्थेचं नावही लॉ सोसायटीच आहे, पण तिचा नि आमचा संबंध नाही.) अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार सगळे विद्यार्थीच, रीतसर निवडून आलेले. त्यांचा बराचसा वेळ जातो तो वकिली करणाऱ्या माणसांना गाठून संध्याकाळच्या व्याख्यानाला आणण्यात. भारतात एलएलबी करून मी इथे एलएलएमला आले, तेव्हापासून ही व्याख्यानं सहसा चुकवत नाही. त्यात दोन जाती सरळ दिसतात.

पहिली जात वकिलांच्या मोठ्या फर्मची. फर्म सोसायटीला पैसे देते आणि एक संध्याकाळ आपल्या नावावर करून घेते. पडद्यावर फर्मचं नाव, प्रत्येक खुर्चीवर नवं कोरं पेन, आणि वक्ता आमच्याहून जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठा. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला जाहिरातबाजीची मनाई असल्यामुळे हा थाट पाहून सुरुवातीला मला अवघडल्यासारखं व्हायचं. सभागृह मात्र खच्चून भरतं, आणि त्यात मुलांचं काही चुकत नाही. 2021 पासून इथे सॉलिसिटर व्हायचं तर एसक्यूई ही परीक्षा दोन टप्प्यांत द्यावी लागते. पहिल्याच टप्प्यात 360 बहुपर्यायी प्रश्न. वर दोन वर्षांचा कामाचा अनुभव, तोही जास्तीत जास्त चार ठिकाणी मिळून. मोठ्या फर्म निवडलेल्या मुलांची फी स्वतः भरतात, मग गर्दी होणारच. कायद्याबद्दल मात्र तिथे फारसं काही हाती लागत नाही. ‘तुम्ही दिवसभर नेमकं काय करता?’ असं विचारलं की आमची टीम कशी छान आहे, एवढंच ऐकायला मिळतं.

दुसरी जात पदरमोड करून येणाऱ्या वकिलांची. त्यातलं एक व्याख्यान सविस्तर सांगते.

वक्त्या होत्या ड्यूटी सॉलिसिटर, म्हणजे अटक झालेल्या माणसाला पोलीस ठाण्यात जाऊन सल्ला देणाऱ्या वकील. हा सल्ला इथे फुकट असतो, अशील गरीब असो वा श्रीमंत. सरकार पैसे देतं, पण बेताचेच. बाई उशिरा आल्या, ठाण्यातूनच थेट. ना स्लाइड, ना पेन. आल्या आल्या त्यांनी दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या, दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाला बोलावलं आणि पोलीस इथे चौकशीआधी देतात ती ताकीद म्हणून दाखवली. तिचा मथितार्थ असा: तुम्ही काही बोलायला बांधील नाही, पण पुढे कोर्टात ज्यावर भिस्त ठेवाल ते आत्ता विचारल्यावर सांगितलं नाहीत तर तुमच्या बचावाला बाधा येऊ शकते, आणि जे बोलाल ते पुरावा ठरू शकेल. मुलाला सूचना एकच, प्रत्येक प्रश्नाला ‘नो कॉमेंट’ म्हणायचं.

काल संध्याकाळी कुठे होतास? नो कॉमेंट. हा फोन कुणाचा? नो कॉमेंट. मग त्या खिडकीकडे बघत सहज म्हणाल्या, ‘बाहेर पाऊस थांबला का रे?’

‘नाही, पडतोय अजून.’

‘मग तू कोरडा कसा? कुणाच्या गाडीतून आलास?’

सगळे हसले, तोही हसला. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, इथली चौकशी ध्वनिमुद्रित होते आणि ती टेप ज्यूरीसमोर वाजू शकते. साध्या प्रश्नांना उत्तरं द्यायची आणि अडचणीच्या प्रश्नांना गप्प बसायचं, असं केलं की ज्यूरीला ते मौनापेक्षाही वाईट ऐकू येतं. म्हणून अशिलाशी एकांतात बोलताना त्या आधी हेच ठरवतात: उत्तरं द्यायची, पूर्ण गप्प राहायचं, की लेखी निवेदन वाचून मग गप्प राहायचं. आणि त्याआधी पोलिसांकडून पुरावा काय आहे ते जमेल तेवढं काढून घ्यायचं, कारण सगळं सांगायचं बंधन पोलिसांवर नसतं.

भारतात शिकलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. आपल्याकडे पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. पुरावा कायद्याचं हे जुनं कलम 25, जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 23. त्या कबुलीतून एखादी वस्तू सापडली तर तेवढ्यापुरता अपवाद. इथे मात्र खटल्याची निम्मी लढाई ठाण्यातल्या त्या खोलीतच होऊन जाते. 1994 च्या कायद्याने गप्प बसण्यावरूनही अनुमान काढायची मुभा दिली. केवळ त्या अनुमानावर शिक्षा होत नाही, आणि वकिलाने गप्प राहायला सांगितलं होतं एवढ्या सबबीवर आरोपी त्यातून आपोआप सुटतही नाही. हे कलम मी वाचलेलं होतं. पण गप्प राहणं हे शिकवावं लागणारं काम आहे, हे पुस्तकात कुठे येतं?

सभागृह निम्मं रिकामं होतं, हे सांगायलाच हवं. पैशांचा प्रश्न कुणीतरी विचारलाच. बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं की तुमच्या वर्गातले व्यापारी कायद्यात गेलेले मित्र तुमच्यापेक्षा पुष्कळ जास्त कमावतील, आणि रात्री झोपतीलही. 2022 मध्ये फौजदारी काम करणारे बॅरिस्टर, म्हणजे मुख्यतः कोर्टात उभं राहून बाजू मांडणारे वकील, फीच्या मुद्द्यावर बेमुदत संपावर गेले होते, तेव्हा कुठे 15 टक्के वाढ पदरात पडली, याचीही त्यांनी आठवण करून दिली.

एक बॅरिस्टरही येऊन गेले. त्यांना हमखास विचारला जाणारा प्रश्न आलाच, गुन्हेगाराचं वकीलपत्र कसं घेता? ते म्हणाले, आपल्या क्षेत्रातलं काम असेल, वेळ असेल आणि फी योग्य असेल तर अशील आवडत नाही म्हणून नाही म्हणता येत नाही. अशिलाने गुन्हा कबूल केला तरी सरकारी पुरावा कसाला लावता येतो, फक्त ‘तो तिथे नव्हताच’ असं कोर्टाला सांगता येत नाही. मला आपलं 2010 चं प्रकरण आठवलं. कोइम्बतूरच्या वकील संघटनेने काही पोलिसांचं वकीलपत्र घ्यायचं नाही असा ठराव केला होता, आणि असे ठराव रद्दबातल आहेत असं सर्वोच्च न्यायालयाने ठणकावलं होतं. चहाच्या वेळी मी त्यांना ते सांगितलं, तर त्यांनी खिशातून कागद काढून निकालाचं नाव लिहून घेतलं.

पुढच्या सत्रात स्थलांतराच्या कायद्यात काम करणारे एक वकील येणार आहेत, प्रायोजक अर्थातच नाही. समितीने प्रश्न आधीच मागवलेत. मी माझा पाठवून दिला: अपील फेटाळलं गेलं हे अशिलाला तुम्ही फोनवर सांगता, की समोर बोलावून?