ओव्हरस्कॅन गेला, पिक्सेलला पिक्सेल जुळला

टीव्हीवर फोटो-व्हिडिओ दाखवणाऱ्या कोडी या प्लेअर अ‍ॅपच्या कोपऱ्यातलं घड्याळ आता पूर्ण दिसतंय. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अक्षरांवरचा धुरकटपणा गेलाय.

पिक्चर ट्यूबच्या जमान्यात चित्राच्या कडा सेटगणिक इकडेतिकडे सरकायच्या, म्हणून चित्र मुद्दाम पडद्यापेक्षा मोठं पाडायचे. हाच ओव्हरस्कॅन. एलईडी पॅनलला त्याची काहीच गरज नाही, तरी कित्येक टीव्ही ओव्हरस्कॅन चालू ठेवूनच येतात. माझ्या ४० इंची फुल एचडीवर प्रत्येक बाजूची साधारण अडीच टक्के कड जात होती. हिशोब केला तर डावी-उजवीकडे ४८-४८ पिक्सेल, वर-खाली २७-२७. उरलेलं १८२४ बाय १०२६ चं चित्र टीव्ही ताणून १९२० बाय १०८० वर पसरवतो. नुसती कड गेली असती तर एकवेळ चाललं असतं. पण ताणताना एका पिक्सेलची रेघ शेजारच्या पिक्सेलातही सांडते, आणि तिथेच धार मरते.

म्हणून कोडीच्या व्हिडिओ कॅलिब्रेशनमधून चित्र आत ओढायचा उपाय मला अजिबात पटत नाही. प्लेअर लहान करणार, टीव्ही परत मोठं करणार. कोपरे दिसतात, पण स्केलिंग दोनदा होतं. इलाज टीव्हीतच करायचा.

पर्यायाचं नाव कंपनीगणिक वेगळं: एलजीत जस्ट स्कॅन, सॅमसंगमध्ये स्क्रीन फिट, सोनीत फुल पिक्सेल, शार्पमध्ये डॉट बाय डॉट. माझ्या सेटच्या मेनूत यातलं काहीच नव्हतं. शेवटी एचडीएमआय इनपुटला ‘पीसी’ असं नाव दिलं आणि चारही कडा एकदम आत आल्या! बऱ्याच टीव्हींवर हे लेबल लावलं की ओव्हरस्कॅनबरोबर बाकीची प्रक्रियाही बंद होते. काळ्यावरची लाल अक्षरंसुद्धा आता फुटत नाहीत.

तपासणीसाठी आयर्विन पुलाचा फोटो बरोबर १९२० बाय १०८० करून लावला. सांगलीकरांना पुलावरची पाणीपातळीची पट्टी माहीतच आहे. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. ते आकडे आधी पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसायचे, आता सोफ्यावरून वाचता येतात. दगडांमधल्या सांध्यांच्या रेघाही सुट्या झाल्या. शार्पनेस मात्र खाली आणावा लागला, कारण अक्षरांभोवती पांढरी झालर येत होती. काही टीव्हींवर तटस्थ जागा शून्य असते, काहींवर मधला आकडा. झालर नाहीशी होईपर्यंत उतरवत जायचं.

सेट-टॉप बॉक्सच्या इनपुटवर ओव्हरस्कॅन तसाच ठेवलाय. एसडी चॅनेलच्या काठाला कधीकधी कचरा दिसतो आणि आई-बाबांना तो खुपतो. सेटिंग इनपुटनिहाय राहतं, त्यामुळे अडचण नाही.

३२ इंची एचडी रेडीवाल्यांनो, तुमचं पॅनल बहुधा १३६६ बाय ७६८ चं असेल. तिथे १०८० चा सिग्नल दिला तर कडा परत मिळतील, पण पिक्सेल जुळणार नाहीत. टीव्ही घेत असेल तर १३६० बाय ७६८ देऊन बघा. कुणाला जमलं तर कोणत्या प्लेअरवर ते नक्की कळवा. मामांच्या मिरजेच्या टीव्हीवर मला हेच करायचंय.