प्रवाळाचा तुकडा दगडाला लावताना

रविवार, संध्याकाळ
जालना

माझ्या खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ-टाकीतला मधला दगड बरेच दिवस उघडा होता. आज त्यावर झोअँथिडचे (चटईसारखे पसरणारे, प्रवाळांच्या नात्यातले जीव) तुकडे आणि लेदर कोरलचा (एक मऊ प्रवाळ) एक कोंब बसवला.

समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. बोअरचं पाणी टाकीला चालत नाही. त्यातल्या क्षारांनी सगळं गणित बिघडतं. आरओच्या पाण्यात समुद्री मीठ मिसळायचं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. आरओचं वाया जाणारं पाणी आई बादलीत धरते, फरशीला वापरते. मराठवाड्यात हा छंद करायचा तर तेवढा हिशोब ठेवलाच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आधी दगडाची जागा टूथब्रशने घासून काढली. शेवाळावर लावलेला ग्लू शेवाळासकट सुटून येतो. हातमोजे आणि चष्मा घातला, कारण काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. ते कापताना उडालेला चीकही डोळ्यांत जाता कामा नये, आणि असे दगड गरम पाण्यात उकळून साफ करणं तर कधीच नाही. ती वाफ माणसाला दवाखान्यात पोचवते.

मग लाटांचा पंप बंद केला. ग्लू म्हणजे फेविक्विकमध्ये असतं ते सायनोअ‍ॅक्रिलेटच, पण जेलसारखा घट्ट. पातळ असेल तर पाण्यात नुसता पसरतो. पाणी लागताच त्याच्यावर पातळ पापुद्रा धरतो आणि आतला भाग ओला राहतो. म्हणून तुकडा नुसता टेकवून सोडायचा नाही. दगडावर दाबून थोडा फिरवायचा, म्हणजे पापुद्रा फाटतो आणि आतला ओला ग्लू दगडाच्या छिद्रांत शिरतो. ही एक गोष्ट हाताला कळली की अर्धं काम झालं. उभ्या कडेवर मात्र एवढ्यानं भागत नाही. तिथं मधे इपॉक्सी पुट्टीची गोळी आणि तिच्या दोन्ही बाजूंना ग्लू लागतो. पुट्टी खाच भरते, धरून ठेवायचं काम ग्लूचं.

लेदर कोरलला ग्लू लावून उपयोग नाही. कापलं की ते इतकं बुळबुळीत होतं की हातातच टिकत नाही. त्याला एका लहान दगडावर दोऱ्यानं बांधलं, फार आवळलं नाही. आवळलं तर दोरा मांसात रुततो.

बांधताना शेतातल्या मोसंबीची आठवण झाली. खुंटावर डोळा भरून पट्टी गुंडाळतात, पण जोड पट्टी करत नाही, झाड करतं. इथंही तसंच आहे. झोअँथिडची तळाची चटई हळूहळू ग्लूवरून पसरत खऱ्या दगडावर जाते, आणि तेव्हा ती तिथली झाली म्हणायची. तोवर तुकडा हलू न देणं एवढंच माझ्या हातात. आत्ता सगळे पॉलिप, म्हणजे चटईवरचे फुलासारखे एकेक जीव, मिटलेले आहेत. दुखावल्यावर ते एखाददोन दिवस असेच राहतात.

दगडी सांगाडा बांधणारे कडक प्रवाळ माझ्या टाकीत नाहीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्यांना संरक्षण आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतात, 'भाऊ, पाहिजे का' म्हणून. मी नाही म्हणतो. समुद्रात आधीच त्यांचे हाल आहेत. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद अंशाने तापून तसंच राहिलं, तरी प्रवाळाच्या आत राहून त्याला अन्न पुरवणारं शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरे पडतात. मे महिन्यात लाइट गेली की माझ्या टाकीतही तीच धास्ती असते, म्हणून पंखे आणि पंप इन्व्हर्टरवर ठेवले आहेत.

हेच तुकडे बसवायचं काम खऱ्या समुद्रातही चालतं, याचं मला फार अप्रूप आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षणाने २०२० साली गुजरातेत मिठापूरजवळ समुद्रात लोखंडी सांगाडे सोडले. त्यांतून सौम्य वीज वाहते, पाण्यातलं खनिज त्यांच्यावर साचतं, आणि मोडलेले प्रवाळ त्यांना बांधतात.

हिवाळ्यात जामनगरकडे नराराला जायचं ठरवतोय. तिथं ओहोटीच्या वेळी चालत जाऊन जिवंत प्रवाळ पाहता येतात. मोडलेला तुकडा ग्लू नसताना कुठल्या कपारीत अडकतो आणि तिथं कसा धरतो, हे मला नीट बघायचंय.